घर म्हणून जतन करायचे?

वायरी तीन, पॉवर बँक एक,
कंपनीचा फोन, माझा फोन,
डायलिसिसच्या पाण्यातलं मीठ मोजणारा हातातला मीटर.
कपडे सगळ्यात शेवटी, जागा उरलीच तर.

मशीन बंद पडते तेव्हा वार बघत नाही.
देवरी, ब्रह्मपुरी, एकदा पार बालाघाट.
माझ्या वयाच्या बायकांना नागपुरात
कोणत्या दुकानात कोणती साडी, ते पाठ असतं;
मला पाठ आहे
कोणत्या बसच्या कोणत्या सीटखालचा चार्जर जिवंत आहे,
आणि साकोली सुटल्यावर जंगलात
कुठे रेंज मरते.
तिथे मी झोपून घेते.
तेवढी चाळीस मिनिटं
कोणाचंच काही माझ्यावाचून अडत नाही.

मे महिना. गणेशपेठचा स्टँड. दुपारचे दोन.
फोनच्या काचेवर पिवळा त्रिकोण आला:
तापमान जास्त आहे. थंड होऊ द्या.
आणि काळोख.
दुसरा तर सकाळीच मेला होता.

प्याऊवरच्या बाईला विचारलं,
जरा टेकवू का माठाला?
ओल्या पोत्यावर तिने जागा केली.
"मोबाईलले बी ऊन लागते काय वो?"
लागतं.
"मंग कांदा ठेवत जा न त्याच्या खिशात."
रांगेतला पोरगा पाणी पिता पिता ठसकला.
मीही हसले,
आणि मग लक्षात आलं
की मला एकही नंबर पाठ नाही.
कंपनीचा नाही, दवाखान्याचा नाही,
बाबांचासुद्धा नाही.

एकच आठवला. सहा आकडी.
हसनबागेतल्या घरचा, काळ्या डब्याचा,
जो बाबांनी स्वतः जोडला होता,
लाइनमन असताना, रविवारी, खांबावर चढून,
आणि खालून आई ओरडत होती: उतरा आता, जेवण थंड होते.
तो नंबर कधीच कापला गेला.
तरी मी तो मनात फिरवला,
शून्यावर बोट पार शेवटपर्यंत नेत,
परत यायला किती वेळ लागायचा शून्याला.

वीस मिनिटांनी फोन उठला.
सतरा मेसेज, दोन मिस्ड कॉल,
आणि एक चौकट, अगदी अदबीने:
आपण रात्री बहुधा इथे असता.
हे ठिकाण घर म्हणून जतन करायचे?

नकाशावर निळा ठिपका.
मोठा करून पाहिला.
गोंदिया. रेल्वे फाटकामागचा लॉज.
खोली एकशे चार, जिथे गरम पाणी
सहा ते सात, आणि उशीला
माझ्याच तेलाचा वास.

हो. नाही. नंतर विचारा.

देवरीची बस लागली होती. कंडक्टर घंटी मारत होता.
मी नंतरवर बोट ठेवलं.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला हसनबागेत पोचले.
बाबा जागे. बाबा नेहमीच जागे;
मी शेवटची ऑनलाइन कधी होते, ते बघून
माझी बस कुठवर आली, त्याचा हिशोब लावतात.
"साकोलीले रेंज गेली न तुई?
चाळीस मिनिटं. म्या म्हटलं, झोपली असन."

त्यांना चौकटीची गोष्ट सांगितली.
वाटलं, चिडतील.
ते चष्मा पुसत राहिले.
"त्याची काय चूक? ते बिचारं रात्री मोजते."
आणि मग, बऱ्याच वेळाने,
"जेवली काय?"

ओट्यावरच्या बोर्डात चार्जर लावला.
सॉकेट ढिलं आहे, वर्षभरापासून.
वायरी हलतात, चार्जिंग तुटतं,
म्हणून बाबांनी फटीत कागदाची घडी खोचली आहे.
ओढून पाहिली. माझंच तिकीट.
नागपूर ते देवरी, फुल एक.
तारीख पुसट झालेली.

परत होती तशी खोचली.
फोनवर हिरवी वीज पेटली.