भेग क्रमांक तीन

डुकरांना घालून झालं की
टेप घेऊन कड्यावर जायचं.
दोन लाल खुणा आहेत,
एक भेगेच्या अल्याड, एक पल्याड,
कचेरीतल्या थाननं रंगवून दिलेल्या.
पहिल्या दिवशी त्यांच्यात वीतभर अंतर होतं.
आता शेळी मावते.
मावलीच एक, लाओ त्सनची, काळी.
तीन दिवस खालून ओरडत होती.

वही कचेरीची. चार रकाने:
तारीख, भेग, अंतर, शेरा.
वर माझं नाव छापलंय, लुओ तेंगश्यू, निरीक्षक.
महिन्याला तेलाच्या डब्यापुरते पैसे
आणि काशाची एक जाड थाळी,
वेळ आली तर बडवायला.

हिवाळ्यात भेगेतून वाफ येते.
पाहुणे म्हणतात, डोंगर श्वास घेतो.
डोंगर कसला!
ती खाणीतली हवा. तिला कुजक्या लाकडाचा वास,
माझ्या नवऱ्याच्या बनियनला वीस वर्षं होता तोच.
मी तिच्यावर हात शेकते.

खाण बंद होऊन सहा वर्षं झाली.
कोळसा गेला, कुठल्या तरी शहरात त्याचे दिवे झाले,
त्याची जागा मात्र इथेच राहिली.
थान म्हणतो, रिकामी जागा स्वस्थ बसत नाही.
छत ढासळतं, ढासळलेल्याच्या वर पुन्हा पोकळी,
अशी ती पायरी पायरीनं वर चढते.
त्यानं नकाशाही उलगडला होता.
मला नकाशा कशाला?
चेनक्वाननं जे खणलं
ते घरी यायला निघालंय, एवढंच.

तो खिडकीशी पडून असतो, छातीत धूळ, कान भिंतीला.
म्हणतो, आज दोन नंबरच्या बोगद्यात काहीतरी बसलं.
मी वर मोजते, तो खाली ऐकतो.

गेल्या वर्षी ताप चढला तेव्हा बोलून गेला:
शेवटच्या महिन्यात ठेकेदारानं जास्तीचा दर लावला,
आधाराला सोडलेले कोळशाचे खांब होते ना,
तेही काढून आणा म्हणाला.
सातवा मी काढला.
छताकडे बघत, उलट्या पावलांनी मागे येत.
त्या पैशांचं काय केलं ते विचारू नकोस.

विचारायचं काय त्यात?
शिवणयंत्र समोरच होतं.
आणि सातव्याच्या नेमकी वर
भेग क्रमांक तीन.
वहीत याला रकाना नाही.

परवा पहाटे अंतर उलटं निघालं.
त्रेचाळीस होतं, एकेचाळीस भरलं.
शेजारी खूश, भेग मिटतेय म्हणे.
मी टेप पुन्हा लावली. एकेचाळीस.
दार आपोआप मिटायला लागलं
तर आधी बिजागरी बघावी.
मी थाळी बडवली.

सत्तावीस घरं शाळेच्या पटांगणात,
ग्वेइझोऊच्या या डोंगरात सपाट म्हणावी
अशी तेवढीच जागा.
म्हातारी पान टीव्ही कवटाळून आली.
चेनक्वानला मी पाठुंगळी आणलं,
त्याचं वजन आता कोंबड्यांच्या खुराड्याइतकं.
दुपारपर्यंत काही नाही.
संध्याकाळी कड्याच्या पायथ्यातून दगड सुटले, दहाबारा,
मक्याचा एक वाफा गेला
आणि लाओ त्सनचा गोठा, रिकामाच होता तो.
मग गप्प.
लोक कुरकुरत परतले.
गोठ्यासाठी थाळी वाजवली, असं अजून म्हणतात.

आता वर पेटी बसवलीय, उन्हावर चालते,
मध्यरात्रीसुद्धा थानच्या फोनवर माप पाठवते.
तरी मी जाते.
शेरा: विशेष काही नाही.

खाली आले की तो विचारतो, किती?
मी एक सेंटिमीटर कमी सांगते.
तो मान हलवतो.
तोही खांब एकच म्हणतो.