दर तासाला एक

कॅमेरा लग्नाचा होता.
नारीनच्या बाजारात, माझ्या दुरुस्तीच्या टपरीवर
झानीबेकनं तो पट्ट्यासकट विकला.
म्हणाला, बुरुल, आता लोक लग्नं फोनवरच उरकतात.

पाणी खात्यातल्या सुयुनबेकला एक डोळा हवा होता
वर्षभर हिमनदीकडे बघत राहणारा,
न कंटाळता, बिनपगारी.
खऱ्या यंत्राला खात्याकडे पैसे नव्हते.
माझ्याकडे डाग द्यायची कांडी होती.

पाठ उघडली. पाच स्क्रू बुटके, एक लांब;
लांब कुठला ते बशीच्या काठावर लिहून ठेवलं.
बटणाखाली दोन पितळी ठिपके,
त्यांना केसाएवढ्या तारा जोडल्या, श्वास रोखून,
आणि तारांच्या टोकाला घड्याळ:
तासातून एकदा ऊठ, बघ, मिटून घे.
दोन दिवस तो टक्क जागाच, बॅटरी पिऊन बसला.
तिसऱ्या दिवशी झोपला तो उठेचना.
चौथ्या दिवशी मी त्याच्याशी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

पेटी विजेच्या जुन्या मीटरची.
चष्मेवाल्याकडची सपाट काच,
कडेनं सिलिकॉन, बोटानं सारवलेलं.
पॅनेलची तार खालून आत घेतली,
आणि शिरण्याआधी तिला एक झोळ दिला,
म्हणजे पाणी तारेवरून येईल, तळाशी अडेल,
थेंब होईल, पडेल.
पाण्याला नुसतं नको म्हणून भागत नाही,
कुठं जायचं तेही सांगावं लागतं.

आत वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून
पेटी रात्रभर घोड्यांच्या हौदात बुडवली, वर दगड.
सकाळी कागद कोरडा. एक कोपरा सोडून.
त्या कोपऱ्यापायी सगळं पुन्हा.

बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या
मी जपून ठेवते, त्यावरून शेजारची जिपार हसते.
नऊ पुड्या आत गेल्या.

जुलैत दोन घोडे, दीड दिवस, एक लोखंडी खांब.
सुयुनबेक बर्फाबद्दल बरंच बोलत होता.
मी पेटीला कान लावून बसले होते.
टक्.

त्यानंतर रेडिओवर तासाचे ठोके पडले
की हातातलं काम थांबायचं.

चौदा महिन्यांनी कार्ड खाली आलं.
पहिलं चित्र: नवरी,
तोंडात अर्धा बोर्सोक, डोळे मिटलेले.
झानीबेकनं पुसलंच नव्हतं काही.
आणि तिच्या लगेच पुढं, मध्ये कसलाही पडदा नसताना,
बर्फ.
मग हजारो. निम्मी काळी,
कारण रात्रीची सुट्टी द्यायला मी विसरले होते.
अकरा आठवडे नुसती पांढरी.
एका एप्रिलच्या सकाळी घोड्याचं नाक, ओलं, पडदाभर.
मे महिन्यात खांब कलायला लागला,
चित्रागणिक केसभर,
शेवटी डोंगर कुशीवर झोपले.

सुयुनबेकनं पडद्यावर बोट ठेवलं.
पहिल्या जुलैत बर्फाला टेकलेला काळा दगड
या सप्टेंबरात पाण्यापलीकडे होता.
त्यानं मान वाकडी करून बोटांनी अंतर मोजलं,
मग चष्मा पुसून परत मोजलं.
चहा निवत होता.

अगदी शेवटच्या चित्रात
माझाच पंजा, थंडीनं लाल, अवाढव्य,
पेटीकडे येताना.

नवरीचं काय करू? त्यानं विचारलं.
राहू दे, म्हटलं.
आणि या खेपेला खांबाला तीन पाय लावू.
पुड्या मी जमवल्यात.