गॅरेज नंबर सत्तेचाळीस, काउनास

ये आत. कडी जरा वर उचल आणि मग ढकल,
दार मीच बसवलंय, त्याला माझ्याच हाताची सवय.
जॅक हवाय ना तुला? देतो.
पण आलाच आहेस तर हे बघ.

नको, ताडपत्री मी काढतो.

हं.

हे पिंप धुण्याच्या मशीनचं.
एकोणीस वर्षं आमचे कपडे घुसळले त्यानं.
मोटर जळली त्या दिवशी दान्गुओले रडवेली झाली
आणि मी, खरं सांगतो, मनातल्या मनात टाळी वाजवली.
बाराशे भोकं. आतून बाहेर, खिळ्यानं, एकेक.
शेजारचा ज़ेनोनास विचारायला आला,
बाहेर गारा पडतायत का रे?

चौकट ओकची. ज़ेनोनासच्या सासूचा पलंग.
ती वारल्यावर दिला, आधी नाही.
आणि दाबायला हा जॅक, ट्रॉलीबसच्या डेपोतला.
चोरलेला नाही. भंगाराच्या भावानं घेतला,
पावती आहे.
थांब, दाखवतोच.

दुकानात असं यंत्र तीनशे युरोला मिळतं.
मला चारशे दहा पडले, वर दोन हिवाळे
आणि या अंगठ्याचं नख.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
दान्गुओले म्हणते. म्हणू दे.
कोंबडी तिनंही खाल्लीय.

मुलगी नॉर्वेत असते, उर्शुले.
तिनं गेल्या नाताळात तयार यंत्र पाठवलं,
बटण दाबलं की रस.
तो बघ खोका, कोपऱ्यात.
फोडला नाही. पण उंचीला बरोबर आहे,
त्याच्यावर मी ग्लास ठेवतो.
फोनवर विचारते, बाबा, वापरता ना?
रोज, म्हणतो.

आणि हो, तुझ्या लक्षात यायच्या आत मीच सांगतो,
हा पाय दोन मिलिमीटर तोकडा आहे.
खाली जुनी तिकिटं घातलीत, आठ.
हा जोड मी रात्री अकराला केला,
तेव्हाच थांबायला हवं होतं.
इथे वेल्डिंग कसं झालंय ते विचारू नकोस.
विचार, हवं तर.
नाही विचारत? बरं.

तुझ्यामागे पोतं आहे, त्यातली चार टाक.
आन्तानिनिस. डाग पडलेली चालतात,
डागाळलेली जास्त गोड असतात, किडीला कळतं.
आता फिरव दांडा. घाई नको.
कर्र झालं ना? तो डावा बोल्ट, त्याला बोलू दे.
कर्र ऐवजी टक् झालं तर हात काढ.

मी एकतीस वर्षं ट्रॉलीबसच्या तारा जोडल्या.
उणे वीसमध्ये, शिडीवर, नाकाचा बर्फ होईस्तोवर.
गाडी हलली की खाली माणसं पेपर उघडायची.
तसंच असायला हवं, तक्रार नाही.
दिवा लागल्यावर वायरमन कुणाला आठवतो?
पण गाडी वळणावरून गेली
की मी मात्र हातमोजे काढून
उगाच थोडा वेळ बघत उभा राहायचो.

बघ, आला.
आधी काळपट येतो, मग सोनेरी.
पहिला ग्लास पाहुण्याचा. पी.
आंबट आहे?
तोंड वाकडं नको करू, आंबटच असतो तो.

आता एक शेवटचं, मग जॅक घेऊन जा.
तो पुठ्ठा अंथर, त्यावर उताणा झोप.
अरे झोप, तेल वाळलंय.
हा टॉर्च. चौकटीच्या खालच्या फळीवर मार,
अजून डावीकडे.
छिन्नीनं कोरलंय: रिमविदास, आणि साल.
एक अक्षर उलटं पडलंय, माहीत आहे,
मीही असाच उताणा होतो, वर हात करून.

वरूनही लिहिता आलं असतं, म्हणतोस?
वरून कुणीही वाचलं असतं.

दिसलं?
पूर्ण वाच. साल पण.
हं. ऊठ आता, पाठ झटक.
ज़ेनोनासला हाक मार जाता जाता,
म्हणावं, दुसरा ग्लास भरतोय.