खाच

जेनोआच्या बंदराकडून वर चढणारी गल्ली इतकी अरुंद
की दोघं समोरासमोर आली
तर एकाला भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागतं.
तिथे आमची परांची उभी राहिली.
रोज सकाळी शिव्या खाल्ल्या,
आणि अकराच्या सुमारास
कुणीतरी, कुठूनतरी, दोन कप कॉफी.

दार पाचशे वर्षांचं, काळ्या पाटीच्या दगडाचं.
ज्या गावच्या डोंगरातून हा दगड निघतो
त्या गावाला आणि शाळेतल्या फळ्याला
आमच्या भाषेत एकच शब्द.
नार्सिसाला हे सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे आपण फळा पुसतोय?
तिची आई ग्वायाकीलहून आलेली,
याच इमारतीचे जिने पुसते.
म्हटलं, नाही गं,
लिहिलेलं राहू द्यायचं,
पुसायची ती नुसती काजळी.

वर पट्टीवर संत जॉर्ज, घोडा, ड्रॅगन.
भाला गेलेला. घोड्याचे पुढचे पाय गेलेले.
ड्रॅगन तेवढा शाबूत,
शेपटीच्या शेवटच्या वेटोळ्यापर्यंत.
"त्याला काय होतंय!" एजिस्तो खालून ओरडतो.
एजिस्तोचं दुकान दाराला लागून,
उकडलेल्या वजडीचं,
वय एक्याऐंशी, हात अजून घट्ट.

मधोमध ढाल. तिच्यावरचं घराण्याचं चिन्ह
सतराशे सत्त्याण्णव साली कुणी छिन्नीनं उडवलं,
सरदारांचे दिवस फिरले तेव्हा.
घाईचे घाव. मी एकोणीस मोजले.
त्यातला एक चुकून
बाजूच्या देवदूताच्या गालावर.
ते तसेच ठेवायचे ठरले. इतिहास आहे, म्हणाल्या
सरकारी कचेरीतल्या सालिनेरोबाई.

चार महिने कागदाच्या लगद्याची पोटिसं बांधली.
तेलरंगाचे सात थर उतरवले, सातवा हिरवा.
दगडाचे पापुद्रे सुटत होते, जुन्या वहीसारखे,
त्यांच्या फटींत सुईनं चुना भरला,
आणि भरून झाल्यावर
तळहात दाबून उभी राहिले,
ताप उतरायची वाट बघत असल्यासारखी.

उजव्या खांबावर, कमरेच्या उंचीला,
बोटभर खोल एक खाच होती.
अहवालात: नुकसान क्रमांक चौदा. भरून काढणे.
भरली.
त्याच दगडाची भुकटी, चुना, थोडी काजळी
(काजळी आम्ही आधी काढतो, मग विकत आणतो).
इतकी बेमालूम भरली
की संध्याकाळी मलाच सापडेना.
खोटं का बोलू, मी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी खांबावरचं गोणपाट काढलं.
एजिस्तो बाहेर आला, हातात सुरी,
मान गिऱ्हाइकाकडे वळवलेली,
कांद्याच्या भावाबद्दल काहीतरी सांगत होता.
हात आपणहून खांबाकडे गेला
आणि पातं घसरलं.
तो बोलायचा थांबला.
आधी पात्याकडे पाहिलं, मग खांबाकडे,
मग अंगठ्यानं दगड चाचपला,
अंधारात बटण शोधावं तसा.
"छान झालंय," म्हणाला. "आता मशीन घेईन एक."
रागावला असता तर बरं झालं असतं.

आमच्या धंद्यात पहिला धडा असा:
जे लावाल ते काढता आलं पाहिजे.
दोन संध्याकाळी मी आणि नार्सिसा
मिणमिणत्या दिव्यात, दातांच्या डॉक्टरसारख्या,
माझंच काम कोरून काढत बसलो.
तळाशी लोखंडाच्या गंजाची रेघ लागली,
केसाएवढी, तांबूस.
तिच्या वर किती वडिलांची, किती काकांची मनगटं
ते अहवालात कुठे लिहायचं?
क्रमांक चौदा खोडला.
कोरीवकामाच्या यादीत शेवटी एक ओळ वाढवली:
खाच, उजवा खांब. कारागीर अनेक. काम चालू.

सालिनेरोबाईंचं उत्तर अजून आलेलं नाही.
एजिस्तो रोज सात वाजता सुरी लावतो,
चार वेळा पुढे, चार वेळा मागे.
दार झिजतंय की, नार्सिसा म्हणते.
सुरीसुद्धा, मी म्हणते,
आणि परांचीचे बोल्ट सोडवायला घेते.