हवा नको, हवा हवी

सप्टेंबरात आमच्या अंगणात वाटणी होते.
अंतानीनिस जातीची पिवळी सफरचंदं
रात्रभर पत्र्यावर एकेक पडत राहतात,
आणि सकाळी बाबा
न डागलेली तेवढी वेचून घेतात, वाइनसाठी.
किडकी, दबलेली, पाखरांनी टोचलेली
आईच्या वाट्याला. शिवाय सगळ्या साली.
"व्हिनेगरला रूप लागत नाही,"
चाळीस वर्षं हे एकच वाक्य, एकाच सुरात.

स्वयंपाकघरात दोन बरण्या.
त्यांच्या बरणीला हवा नको.
तोंडावर रबरी हातमोजा, मनगटाशी दोरीनं आवळलेला,
करंगळीला टाचणीचं भोक.
आतला रस साखर खाऊन उसासे टाकू लागला
की मोजा फुगतो, ताठ उभा राहतो,
येणाऱ्याजाणाऱ्याला पाच बोटं दाखवतो.

तिच्या बरणीला हवा हवी.
वर जुन्या अभ्र्याचं विरलेलं फडकं,
भोवती चिलटं,
आणि दिवसातून दोनदा लाकडी चमच्यानं ढवळणं,
नाहीतर वर आलेल्या सालींना बुरशी धरते.

झोपायच्या खोलीच्या खिडकीवरूनही
दोघांचं हेच भांडण.

यंदा मोजा नुकता कुठे उठून बसला होता,
बाबा शिडीवरून पडले.
खुबा मोडला. उतेनाच्या इस्पितळात पाच आठवडे.
पहिल्या रात्री, भूल पुरती उतरली नव्हती, तेव्हाच फोन:
"दान्गुओले, हात उभा आहे का?"
शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं,
यांच्या घरीही कुणीतरी अंथरुणाला खिळलंय.

मग रोज तोच प्रश्न.
आणि जिनं जन्मात त्या बरणीला बोट लावलं नव्हतं
ती खुर्ची ओढून समोर बसू लागली.
उभा आहे.
आज जरा कललाय. अंगठा वाकलाय.
काल गारठा पडला, तुझा स्वेटर गुंडाळलाय.
एकदा तर फोनच काचेला लावून धरला तिनं,
आतली बुडबुड ऐकवायला.

एका सकाळी मोजा आडवा पडलेला.
"आता नळी लाव," तिकडून हुकूम,
"बरणी टेबलावर, बाटली जमिनीवर.
तोंडानं ओढ. गाळ हलू देऊ नकोस.
दान्गुओले? हलला का? बोल ना!"
तिचं तोंड भरलेलं. बोलणार कशी?
ते तिकडे नर्सला हाका मारताहेत,
आणि इथे आई, गाल फुगवून,
डोळ्यांनी मलाच विचारतेय: गिळू का थुंकू?

गिळली.

तिच्या फडक्याखाली काय चाललंय
हे मात्र कुणीच विचारलं नाही. मीही नाही.
एका संध्याकाळी तिनं फडकं उचललं:
हिरवी लव, मांजराच्या पाठीसारखी.
खताच्या खड्ड्यात सगळं ओतून आली,
बरणी घासली, उपडी घातली,
आणि बीट उकडायला ठेवले.

बाबा नोव्हेंबरात आले, चौकटीच्या आधारानं, टप टप.
आधी बाटल्या पाहिल्या, उजेडाकडे धरून.
मग उपडी बरणी.
तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.
जेवणात बोलणं झालं ते बर्फाचं आणि लाकडाच्या भावाचं.

जेवणानंतर त्यांनी सगळ्यात नितळ बाटली उघडली,
बरणी सुलटी केली
आणि ओतायला लागले. एक. मग दुसरी.
"अरे, चांगली वाइन आहे ती!" आई ओरडली,
"हवा लागली तर बिघडेल!"
"बिघडू दे," ते म्हणाले. "फडकं कुठंय?"

व्हिनेगरवर धरणाऱ्या जाड सायीला
आमच्याकडे आईच म्हणतात.
तिचा एक तुकडा शेजारच्या एउगेनियाकडे होता.
विरजण मागायला जावं तशी
मी कप घेऊन गेले.

आता दोन्ही बरण्या भरलेल्या. जानेवारी आहे.
बिटावर घातलेल्या त्या व्हिनेगरला बाबा नाकं मुरडतात,
आणि पुन्हा वाढून घेतात.

झोपायच्या खोलीची खिडकी मात्र बंदच.
तिथं ते अजून ऐकत नाहीत.