रात्री वाहन कुठे उभे असते

उद्यमनगरात, वेल्डिंगच्या दोन शेडमधल्या बोळात
ती उभी होती. पिवळा रंग खरवडून
वर बदामी मारलेला, तरी दाराच्या कडेला
शाळेच्या नावातला एक 'द्या' शिल्लक.
मी मागून-पुढून फोटो काढले,
चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासली,
आकडे हळूहळू वर आले
लहानपणी नाण्याचे यायचे तसे,
आणि फॉर्म उघडला.

वाहनाचा प्रकार.
खासगी, प्रवासी, माल.
सुकुमार मगदूम, वय एकसष्ट, टर्नर,
चाळीस वर्षं लेथपाशी उभं राहून किंचित डावीकडे कललेले,
म्हणाले, "प्रवासी न्हवं. आमी दोघंच.
माल म्हणाल तर ही पातेली."
आतून त्यांची बायको हसली.

बारा सीट काढल्याची नोंद आर.टी.ओ.नं केलेली.
सात खेपा पडल्या त्याला.
फळीचा पलंग, खाली पाण्याचं पिंप,
टपावर सोलरची पाटी,
कोपऱ्यात शेगडी, पाच किलोची टाकी.
"शेगडी फिक्स आहे की सुटी?"
फिक्स असेल तर वेगळी लिहायची, वेगळे पैसे.
सुटी असेल तर तिचा विमाच नाही.
"आदी च्या घ्या," सुगंधाताई म्हणाल्या, "मग ठरवा."
त्याच शेगडीवरचा चहा पीत
'जोखीम' या शब्दापुढे मी तिची नोंद केली.
चहात गूळ होता. तो लिहिला नाही.

मग किंमत.
"फंडातलं साडेसहा लाख घातलं," ते म्हणाले.
मी मोबाईलवर वर्षं वजा करत गेलो.
दोन लाख दहा हजार.
आपल्या जॉबवर दुसऱ्यानं मायक्रोमीटर लावावा
तसे ते त्या आकड्याकडे बघत राहिले.
"म्हंजे जळली तर एवढंच."
"एवढंच. फिटिंग जाहीर केलं तर वर थोडं."

नेहमीचं समजावलं:
सक्तीचा तो थर्ड पार्टी.
म्हणजे तुमच्या चाकाखाली जो येईल,
ज्याचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, त्याचा.
तुमचा पलंग, तुमची भांडी, हे ऐच्छिक.
"बरोबरच हाय की," मगदूम म्हणाले,
"आपलं आपण सोसतो. त्येनं का सोसावं?"
एकवीस वर्षांत हे कलम
मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

शेवटचा रकाना:
रात्री वाहन कुठे उभे असते.
"जिथं रात हुईल तिथं."
"तसं चालत नाही. पत्ता लागतो."
सुगंधाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या.
"आंबेवाडी लिवा. घर हाय आमचं.
एकोणीस साली चार दिवस त्याच्या टेरेसवर हुतो.
खाली म्हशी, दावणीला."
इथं थांबल्या.
"घराचा विमा कुणी इचारला न्हाई तवा.
चाकं लावली तर लगीच कागद."

त्या ऑगस्टात मी शाहूपुरीत गाड्या लिहीत होतो.
एकशे चाळीस.
काचांवर गाळाची एकाच उंचीची रेघ,
एकीच्या डिकीत जिवंत खेकडा.
आंबेवाडीला गेलोच नव्हतो.
तिथलं माझ्याकडे काही लिहायला आलं नव्हतं.

आंबेवाडी लिहिलं, गट नंबरासकट.
त्यांनी चेक फाडला:
तेवीस हजार सातशे अठ्ठेचाळीस फक्त.
'फक्त'खाली दोन रेघा.

गाडीला किक मारताना त्यांनी विचारलं,
"सायेब, तुमी ऱ्हाता कुठं?"
"शुक्रवार पेठेत. तळमजला."
दोघांनी एकमेकांकडे बघितलं.
"मग नंबर घ्या आमचा," सुगंधाताई म्हणाल्या,
"पाणी चढाय लागलं की फोन करा.
सीटा काढल्यात, पर जागा हाय."

नंबर घेतला.
नावाच्या जागी, सवयीनं,
गाडीचाच नंबर टाकला.