उधारीच्या वहीचं मागचं पान

सहा बाय तीनचा आरसा
धुळ्याच्या गिऱ्हाइकानं कापून घेतला आणि न्यायला आलाच नाही.
दुकानात जागा नव्हती, बाहेर भिंतीला टेकवला.
अमळनेरचं ऊन त्याच्यात शिरलं
ते थेट समोरच्या सुराणा मेडिकलच्या काउंटरवर पडलं.
सुराणा दोनदा भांडून गेले.
तिसऱ्यांदा आले ते भांडण विसरून
मिशी नीट करत उभे राहिले.

तिथून सुरुवात झाली.
हिरा काचेवरून ओढताना हात गुंतलेले, तोंड मोकळं.
मी आणि मारवडचा हिलाल,
आम्ही लोकांना नावं ठेवू लागलो.
म्हणजे खरोखरची नावं,
उधारीच्या वहीत, मागच्या पानापासून.

मान न वळवता, नुसत्या बुबुळानं
चालता चालता स्वतःला बघून घेणं :
वाटारसणं.
(सायकलवरून करू नये. दोघं पडले.)

देसले तलाठी आरशापाशी आले की
श्वास आत, पोट आत.
आरसा संपला की पोट पुन्हा सरकारी कामावर रुजू.
कामचोर ऐकला होता, अंगचोर ऐकला होता.
हे पोटचोर.

बोरसे सरांचे डाव्या कानावरचे केस
टाळू ओलांडून उजव्या कानाला भेटायला जातात.
कानउसनवारी.
वारा सुटला की वसुली.

एका शनिवारी काळेभोर, तिसऱ्या शनिवारी मुळाशी पांढरे,
चौथ्याला पुन्हा काळे :
कलपंडाव. यात राज्य घेणारा कायम तोच.

चंद्रकला वहिनी भर जानेवारीत
पाटल्या घातलेल्या हातानंच वारा घेतात.
पाटलीवारा.
लग्नसराईत हा गावभर सुटतो.

'आमचं आपलं छोटंसं घर' म्हणत
सतरा खिडक्यांची मापं देणारा ठेकेदार :
छोटंसंबाजी.
मी बिलावर लिहिलं, 'छोटंसं बिल'.
हसला नाही.

आणि वयगळ.
पानगळीसारखीच, पण वर्षातून कितीदाही.
एसटीच्या अर्ध्या तिकिटाला पासष्ट,
तोच माणूस सोयरिकीच्या बैठकीत अठ्ठावन्न.

संध्याकाळी चहा आला की मी पान मोठ्यानं वाचायचो.
एक शब्द, मग घोट, मग बाकड्यावरच्यांकडे एक नजर.
एकदा हिलाल पुट्टी मळता मळता म्हणाला,
'दादा, तुम्हनं बी एक शे.'
काय?
'दाददेखी.'
सगळे हसले. मीही हसलो,
सगळ्यांपेक्षा थोडा उशिरा, थोडा जास्त.
ते वहीत मी नाही लिहिलं. त्यानं लिहिलं.
देखीचा दे त्यानं दोनदा गिरवलाय.

मग बाजाराच्या दिवशी डांगरवाली आली.
पाटी उतरवली, आरशासमोर उभी राहिली.
हिलालनं पेन्सिल कानामागून काढली.
बाईनं पदर सारखा केला नाही, केसांना हात लावला नाही.
बराच वेळ बघितलं,
मग गालावर हात ठेवला.
स्वतःच्या नाही, काचेतल्या.
'मन्ही माय दिसनी,' म्हणाली,
आणि एक डांगर आमच्या पायरीवर ठेवून गेली.
पैसे घेतले नाहीत.
काचेवर पाच बोटं उमटली होती.
हिलाल रोज सकाळी फडकं मारतो,
त्या सकाळनंतर तेवढी जागा सोडून मारायचा.
वहीत तिथं ओळ कोरी आहे.

धुळेवाला शेवटी आला,
गोणपाटात गुंडाळून आरसा घेऊन गेला.
बोटांसकट.
सुराणांच्या काउंटरवर अंधार पडल्यासारखं झालं,
'लावा ना परत एखादा,' असं तेच म्हणाले.

भिंत आता मोकळी आहे.
आरसा होता तेवढा चुना पांढरा, बाकी मळकट.
काल देसले तलाठी तिथून गेले.
चौकोनापाशी आले,
श्वास आत, पोट आत,
आणि भिंतीकडे बघून मिशीवरून बोट फिरवलं.

हिलालनं माझ्याकडे बघितलं.
'आते काय नाव ठेवानं?'
मी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं.
चहा आला, निवला.
अजून सुचलेलं नाही.